न्यूयॉर्क-न्यू जर्सीचे विमानतळ आणि बंदर एकच प्राधिकरण कसे चालवते?

किनारपट्टी
जेएफके, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क हे विमानतळ, शिवाय न्यूअर्क-एलिझाबेथचे कंटेनर बंदर, हे सगळे पोर्ट अथॉरिटी या एकाच संस्थेकडे आहे. ही संस्था दोन राज्यांची असली, तरी तिला कर आकारण्याचा अधिकार नाही. मग खर्च कशातून भागतो? दोन राज्यपालांत मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा? आणि इतकी वेगळी कामे एका संस्थेकडे आली तरी कशी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदीकर
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. खाडी एकच, पण तिचे काठ दोन राज्यांत विभागलेले, त्यामुळे बंदराच्या विकासावरून दोन्ही राज्यांत सतत तंटे होत. ते मिटवण्यासाठी १९२१ मध्ये दोन्ही राज्यांनी करार केला, अमेरिकी काँग्रेसने त्याला संमती दिली आणि हे प्राधिकरण अस्तित्वात आले. विमानतळ मात्र १९४७ मध्ये आले. न्यूयॉर्क व न्यूअर्क या शहरांना ते वाढवण्याचा खर्च पेलणारा नव्हता, म्हणून त्यांनी ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने प्राधिकरणाकडे सोपवले. जमिनीची मालकी आजही शहरांचीच आहे आणि त्यांना त्याचे भाडे मिळते.

प्राधिकरणाचा कारभार पाहणाऱ्या मंडळात बारा आयुक्त असतात. प्रत्येक राज्यपाल सहा जणांची नेमणूक करतो, मुदत सहा वर्षांची असते आणि हे पद बिनपगारी असते. मंडळाच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त दोन्ही राज्यपालांकडे जाते, आणि सुट्ट्या वगळून दहा दिवसांच्या आत त्यांपैकी कोणीही आपल्या राज्याच्या आयुक्तांनी केलेली कृती रद्द करू शकतो. म्हणजे अंतिम शब्द एकट्याचा कधीच नसतो, पण अडवण्याची ताकद दोघांकडेही असते. माझ्या मते या रचनेचे बळ आणि तिची दुखरी नस ही एकच आहे.

जमाखर्च
पैशाविषयी लिहितो. पूल व बोगद्यांवरचा टोल, विमान कंपन्यांकडून येणारे शुल्क, टर्मिनलमधील दुकाने, वाहनतळ आणि जागांचे भाडे हे उत्पन्नाचे मुख्य मार्ग आहेत. १९५२ पासून प्राधिकरण एकत्रित रोखे काढते, आणि त्यांची परतफेड कोणा एका सुविधेच्या नव्हे, तर सर्व सुविधांच्या निव्वळ उत्पन्नाच्या आधारावर होते. त्यामुळे विमानतळांवरची शिल्लक दोन राज्यांना जोडणाऱ्या, प्राधिकरणाच्याच पाथ या तोट्यातल्या रेल्वेलाही तारते. १९८२ च्या संघीय कायद्याने विमानतळाचे उत्पन्न इतरत्र वळवण्यावर बंधने घातली, परंतु ज्या संस्थांची अशी व्यवस्था आधीपासून होती त्यांना सूट दिली, आणि हे प्राधिकरण त्यांत मोडते. प्रवाशाने विमानतळावर भरलेल्या पैशातून रेल्वे चालावी का, हा प्रश्न मला गंभीर वाटतो. मात्र ती रेल्वे बंद पडली तर तोच भार रस्त्यांवर आणि पुलांवर येईल, हेही विसरून चालणार नाही.

किनारपट्टी
मनःपूर्वक आभार. मग बंदरातल्या क्रेन, जहाजांची ये-जा, विमानांचे नियंत्रण हे सारे प्राधिकरणाचेच कर्मचारी पाहतात का?

गोदीकर
नाही. विमानांचे हवाई नियंत्रण संघीय उड्डाण प्रशासन करते आणि प्रवाशांची सुरक्षा तपासणी ही दुसऱ्या संघीय यंत्रणेची जबाबदारी आहे. बंदरात तर कामाची विभागणी आणखी बारीक आहे. एखादे मोठे कंटेनर जहाज आले, की खाडीच्या तोंडाशी असलेल्या सँडी हुकचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, त्यावर चढून ते आत आणतो. ज्या ५० फूट खोल मार्गातून ते येते, तो सैन्याच्या अभियंता दलाने प्राधिकरणाच्या साहाय्याने खोदलेला आहे. धक्क्यावर माल उतरवतो तो टर्मिनल भाड्याने घेतलेला खासगी चालक. प्राधिकरण येथे प्रामुख्याने जागामालक आहे.

पण याच जागामालकाकडे पूलही असल्यामुळे एक महत्त्वाचे काम मार्गी लागले. बंदराकडे जाणाऱ्या जलमार्गावरील बेयॉन पुलाखालून जाण्यास केवळ १५१ फूट उंची मिळत असे, त्यामुळे नव्या पिढीची उंच जहाजे न्यूअर्क-एलिझाबेथपर्यंत पोहोचूच शकत नव्हती. प्राधिकरणाने मूळ कमान कायम ठेवून रस्त्याचा पृष्ठभाग वर उचलला, आणि २०१७ मध्ये ही उंची २१५ फूट झाली. पूल एका संस्थेचा आणि बंदर दुसरीचे असते, तर हा खर्च कोणी उचलायचा यावरच किती वर्षे वाद चालला असता, याचा विचार करावा.