शनिवारी गच्चीवर कोणता पिक्चर? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: येत्या शनिवारी गच्चीवर जुना मराठी पिक्चर दाखवायचं कमिटीत ठरलंय. नावं सुचवा. ‘अशी ही बनवाबनवी’ सोडून, ती सगळ्यांना पाठ आहे.

सी-४०४ वहिनी: पाठ आहे म्हणूनच लावायची. भाडेकरूच्या एनओसीवरून रोज भांडणाऱ्या ग्रुपला घरमालकाचाच पिक्चर नको?

ए-३०२ काका: पाठ असलेला पिक्चर गच्चीवर कोणी बघत नाही. पुढचा डायलॉग आधी कोण म्हणतो याची शर्यत लागते.

सी-४०४ वहिनी: लागू दे की. पण काका, त्यातले सरपोतदार नीट बघा एकदा. सगळे त्यांना खडूस म्हणतात, पण त्यांची बाजू बरोबर आहे. एका माणसाला खोली दिली आणि आत भलतीच माणसं राहायला आली. वर मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले ७० रुपये बुडाले. आपल्या उपविधींत बसवलं तर नोटीस त्यांनीच काढली असती.
आणि सरपोतदार झालेले सुधीर जोशी तिथे आधी ओरडत नाहीत. आधी चौकशी, मग शंका, मग आवाज. अशोक सराफ त्याच वेळी चेहरा शोकाचा ठेवतात. ‘सत्तर रुपये वारले’ यातली खरी गंमत व्याकरणात आहे. ‘वारणे’ आपण फक्त माणसासाठी वापरतो, तेही अदबीनं. म्हातारी वारली म्हणू, मांजर वारलं नाही म्हणणार. ‘वारले’ हे रूप आदरार्थी पण आहे आणि अनेकवचनी पण. रुपये सत्तर, म्हणजे अनेकवचन, त्यामुळे वाक्य व्याकरणात चोख बसतं आणि पैशांना सुतक लागतं. शंभराची एक नोट असती तर ती ‘वारली’ झाली असती, मजा निम्मी.

बी-२०३ दादा: 😂😂 वहिनी, हे शाळेत शिकवायला हवं होतं.

ए-३०२ काका: हे मान्य. कथेचा सांगाडा मात्र हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’चा, १९६६चा. मराठी आली १९८८ला. संवाद वसंत सबनीसांचे, आणि पिक्चर चालला तो त्या संवादांवर. बायको म्हणून उभ्या केलेल्या परश्याची ओळख करून देताना ‘हा माझा’ तोंडातून निसटतं, ते हिंदीत तितकं बसत नाही. हिंदीत ‘यह’ पुरुषाला पण आणि बाईला पण. मराठीत ‘हा’ पण चुकतो आणि ‘माझा’ पण चुकतो, म्हणजे माणूस एका वाक्यात दोनदा पकडला जातो.

बी-३०१: पाण्याचा टँकर ५ला येतोय. गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची आहे? काढा.

ए-१०४ आजोबा: ‘संत तुकाराम’ लावा. १९३६. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून १९३३ साली पुण्याला आली, त्यानंतरचा हा चित्रपट. म्हणजे शूटिंग इथलंच, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या स्टुडिओतलं. १९३७ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

सी-२०१ ताई: आजोबा, मुलं पाच मिनिटांत उठून जातील. ‘झपाटलेला’ लावू या. कवट्या महाकाळ बघून मुलं जागची हलत नाहीत.

ए-३०२ काका: ताई, दोन पिक्चर एक केलेत. ‘झपाटलेला’ १९९३, त्यात तात्या विंचू. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. कवट्या महाकाळ ‘धडाकेबाज’मधला, १९९०. तो सिनेमास्कोप आहे, आणि गच्चीवर नेमकं तेच नडेल.

सी-२०१ ताई: नडेल म्हणजे?

बी-२०३ दादा: मी सांगतो. आपला पडदा १० फूट रुंद. स्कोपचं चित्र उंचीच्या २.३५ पट रुंद असतं, म्हणजे १० फुटांत उंची फक्त सव्वाचार फूट. वर-खाली काळ्या पट्ट्या, मागच्या रांगेला चेहरे लिंबाएवढे. टीव्हीसाठी कापलेली प्रत लावली तर पडदा भरतो, पण दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात. लक्ष्या बोलतोय आणि समोरचा माणूस फ्रेमबाहेर.
‘तुकाराम’चं उलट. तेव्हाची फ्रेम जवळजवळ ४:३, म्हणजे ८ फूट रुंदीला ६ फूट उंची. डावी-उजवीकडे काळं राहील. ते राहू द्यायचं. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ कोणी दाबलं, तर तुकाराम झालेल्या पागनीसांचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. ‘४:३’ ठेवा, फार तर ‘ऑटो’.

सेक्रेटरी: पट्ट्या दिसल्या की कोणीतरी रिमोट हातात घेणारच. मागच्या वेळचा रिमोट अजून परत आलेला नाही.

ए-१०४ आजोबा: मुलांची काळजी करू नका. मुलं आवलीमुळे बसतात. तुकोबा भजनात बुडालेले, घरात दाणा नाही, आणि ही बाई विठोबालाच शिव्या घालते. मूल आजारी पडल्यावर पायताण हातात घेऊन देवळात जाते. गौरीबाईंनी हे कुठेही नाटकी केलेलं नाही. त्यांचा आवाज स्वयंपाकघरातून येतो तसा येतो. विष्णुपंत पागनीस नाटकात स्त्रीभूमिका करायचे, त्यामुळे त्यांचं सगळं मऊ, हातवारे सुद्धा. एक मऊ, एक खरखरीत. संसार कोण चालवतंय हे पडद्यावर क्षणभरही लपत नाही. शेवटी वैकुंठाला जायची वेळ येते तरी आवली मागेच राहते.

सी-४०४ वहिनी: हे पटलं आजोबा. मराठी सिनेमातली पहिली खरी बायको. देव्हाऱ्यात न बसवलेली.

ए-३०२ काका: आणि ‘आधी बीज एकले’ सुरू झालं की कोणी तुकोबांचा अभंग म्हणून स्टेटसला टाकू नका. ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलंय. गाथेत शोधून दमलेले लोक आहेत.

बी-१०२: ‘कुंकू’ का नको? केशवराव दात्यांचे काकासाहेब म्हणजे दुष्ट नसलेला खलनायक. असा माणूस मराठीत पुन्हा फार कमी झाला.

बी-२०३ दादा: १९३७चा ‘कुंकू’ उत्तम, पण आपल्या गच्चीवर नको. त्यात शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलेलं नाही. शांततेत घड्याळ वगैरे खरेच आवाज ऐकू यायला हवेत. आपली लिफ्टची मशीन रूम गच्चीवरच आहे. कोणी तळमजल्यावर बटण दाबलं की मोटर घुर्रर्र करते, आणि नायिका नीराची घुसमट दिसायच्या आधी तिसऱ्या मजल्याची भाजी वर येते. तो हॉलमध्ये, दारं लावून.

ए-३०२ काका: मग ‘सामना’ घ्या. १९७५, जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकरांचं. निळूभाऊ फुले म्हटलं की लोकांना खोकणारा, डोळे बारीक करणारा पाटील आठवतो. ‘सामना’तला हिंदुराव त्या साच्यातला नाही. तो आवाज चढवत नाही, कारण त्याला कधी चढवावा लागलेलाच नाही. समोर श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. त्याच्याकडे सत्ता नाही, पैसा नाही, फक्त मारुती कांबळेबद्दलचा एक प्रश्न आहे. तो प्रश्न तो वेगवेगळ्या वेळी विचारत राहतो आणि दर वेळी हिंदुरावाच्या घराची एक वीट सैल होते. तेच निळूभाऊ ‘सिंहासन’मध्ये, १९७९ला, दिगू टिपणीस. वार्ताहर. तिथे त्यांना करायला काहीच नाही, नुसतं बघायचंय, आणि शेवटी तर

सी-४०४ वहिनी: शेवट सांगायचा नाही!!

ए-३०२ काका: पंचेचाळीस वर्षं झाली हो वहिनी.

सी-४०४ वहिनी: तरी नाही. ए विंगमधली निम्मी मुलं नंतर जन्मलीत.

सेक्रेटरी: मतदान घेतलं. तुकाराम १९, बनवाबनवी १७, सामना ८, झपाटलेला ६. ‘काहीही चालेल’ला २२. तुकाराम नक्की. वेळ?

बी-२०३ दादा: मे महिना, सूर्य ७च्या सुमारास मावळतो. पावणेआठच्या आधी पडदा फिकाच दिसणार, प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा असला तरी. पिक्चर १३१ मिनिटांचा. ७:४५ला लावला तर ९:५६ला संपतो आणि १०ला स्पीकर बंद करायचा नियम पाळला जातो. मध्यंतर नाही, भाषण नाही. सेक्रेटरी काका, तुम्हाला उद्देशून.
प्रत तपासताना आधी लांबी बघा. १२६ मिनिटं दिसली तर घाबरू नका, पण ती लावूही नका. सेकंदाला २४ फ्रेमचा पिक्चर २५ने पळवला की १३१ची १२६ मिनिटं होतात आणि गाणी पाऊण स्वर, म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर, वर चढतात. पागनीसांचा आवाज पातळ वाटेल.

ए-३०२ काका: दादा, पाऊण स्वर आणि अर्धस्वर एकच कसे?

बी-२०३ दादा: चुकलं. अर्धस्वराचा पाऊण भाग. पाऊण स्वर नाही. धन्यवाद.
बाकी मांडणी अशी. प्रोजेक्टरचा थ्रो, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतर लागतं ते, १.५ आहे. १० फूट पडद्यासाठी १५ फुटांवर टेबल. टेबल पडद्याच्या बरोबर मध्यासमोर. तिरकं ठेवून प्रोजेक्टरच्या कीस्टोन सेटिंगनं चित्र सरळ केलं की कडा मऊ होतात. आवाज ब्लूटूथनं नको, ओठ आधी आणि अभंग मागून येतो. ३.५ मिमीची वायर लावू. मूळ ध्वनी मोनो आहे, त्यामुळे एकच स्पीकर, पडद्याखाली. दोन कोपऱ्यांत दोन लावले तर टाकीच्या भिंतीवरून घुमतं. बेस कमी, मधला पट्टा वर, तरच शब्द कळतात.

सी-२०१ ताई: प्रत कुठून आणायची? मोबाईलवर आहे ती चालेल का?

ए-३०२ काका: तिकीट नसलं तरी आधी हक्कधारकांकडून परवानगी घ्यावी. ६० फ्लॅटचा कार्यक्रम घरगुती धरला जात नाही. पत्र मी लिहितो.

सी-४०४ वहिनी: काका पत्र लिहिणार म्हणजे शुद्धलेखनाला तीन दिवस.

खजिनदार: वायर, एक्स्टेंशन बोर्ड आणि चटया मिळून घरटी ७० रुपये वर्गणी. आज रात्रीपर्यंत.

बी-३०१: माझी वर्गणी वारले.

सी-४०४ वहिनी: वारली. वर्गणी स्त्रीलिंगी आहे, एकवचनी आहे.

खजिनदार: रुपये ७०च आहेत. तेरावं मी घालणार नाही, पैसे आणून द्या.