गुळाचा चहा कधी जमतो, कधी फाटतो. नेमकं चुकतंय कुठे?

वाफाळता_कप

घरात साखर बंद करून गुळावर आलोय. चहा मात्र भरवशाचा राहिला नाही. एक दिवस मस्त होतो, दुसऱ्या दिवशी त्याच पातेल्यात, त्याच मापाने केलेला फाटतो. गाळणीत पनीरसारखे बारीक कण आणि खाली पिवळट पाणी.

माप असं : दोन कपांसाठी एक कप पाणी, एक कप म्हशीचं पिशवीतलं दूध, दोन चमचे चहा पावडर, इंचभर आलं किसून, चिरलेला गूळ चार चमचे. सगळं एकदमच गॅसवर चढवतो आणि दोन उकळ्या काढतो. गूळ काळा, 'सेंद्रिय' म्हणून मिळाला तो.

प्रश्न असा की दोष गुळाचा, आल्याचा की दुधाचा? आणि गूळ आधी घालायचा की शेवटी? आमच्याकडे यावर दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

मंद_आच

तिघांचाही थोडा थोडा आहे, आणि 'सगळं एकदमच' या तुमच्या पद्धतीत तिघांना एकत्र संधी मिळते.

ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण 6.6 ते 6.7 असतो. थंड दूध फाटायला तो 4.6 पर्यंत खाली यावा लागतो, पण उकळत्या दुधाला इतकी वाट बघावी लागत नाही. सहाच्या खाली घसरला की पुरे. साखर जवळजवळ शुद्ध सुक्रोज असते, ती दुधाच्या वाटेला जात नाही. गुळात मात्र उसातली आम्लं आणि क्षार शिल्लक राहतात. त्यात दूध आदल्या दिवशीचं असलं, म्हणजे आधीच थोडं उतरलेलं, की उकळी फुटता फुटता फाटतं. म्हणून एक दिवस जमतं आणि दुसऱ्या दिवशी नाही.

आल्याचं प्रकरण वेगळं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं आणि ते 60 ते 70 अंशांच्या दरम्यान जोरात काम करतं. दक्षिण चीनमध्ये गरम दूध आल्याच्या रसावर ओतून दह्यासारखं घट्ट लावतात, ते याच गुणावर. तुम्ही किसलेलं आलं थंड दुधात घालून हळूहळू तापवता, म्हणजे नेमक्या त्याच टप्प्यातून त्याला निवांत नेता. तेच आलं आधी नुसत्या पाण्यात खळखळून तीन मिनिटं उकळलं की एन्झाइम निकामी होतं आणि स्वादही पाण्यात जास्त उतरतो. सुंठीचा त्रास बराच कमी.

आता क्रम. एका पातेल्यात सव्वा कप पाणी (आटणार आहे), आलं, हवा असल्यास गवती चहा. तीन मिनिटं उकळा. पावडर घालून मध्यम आचेवर दोन मिनिटं. सीटीसी म्हणजे दाणेदार पावडर असेल तर एवढ्यात रंग पूर्ण सुटतो, पुढे नुसता तुरटपणा वाढतो. दुसरीकडे दूध वेगळं उकळा. दूध फाटायचंच असेल तर ते एकटं फाटेल, अख्खा चहा घेऊन जाणार नाही. उकळतं दूध अर्कात ओता, एक उकळी येऊ द्या, गॅस बंद. अर्धा-एक मिनिट थांबा, मग गूळ घाला, ढवळा, गाळा. गूळ पडल्यावर पातेलं पुन्हा गॅसवर जाता कामा नये. सगळी मेख तिथे आहे. उरलेला चहा 'जरा गरम करून देते' म्हटलं की तो फाटलाच म्हणून समजा.

गुऱ्हाळकाठ

आल्याबद्दल आणि दूध वेगळं उकळण्याबद्दल सहमत. गूळ शेवटी घालण्याबद्दल साफ असहमत.

गॅस बंद केल्यावर घातलेला गूळ नीट विरघळत नाही, खडे तळाशी बसतात. पहिला कप फिका आणि शेवटचा काकवी. शिवाय गुळात चिपाडाचा भुसा आणि कधी बारीक कचही असते, ती तशीच कपात उतरते. आणि चहाला कच्च्या गुळाचा वास येतो तो येतोच. गूळ पाण्यातच घालावा, आल्याबरोबर. तीन-चार मिनिटं उकळला की वास मुरतो, वर फेस येतो तो काढून टाकता येतो. मग पावडर, मग अर्क गाळून घ्यायचा आणि त्यात उकळतं दूध वरून ओतायचं. दूध पडल्यावर उकळी नाही. नियम तोच आहे, गूळ आणि दूध एकत्र उकळू नयेत. फक्त कोण आधी उकळणार ते बदललं.

आता गुळाविषयी, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. उसाचा रस मुळात आंबटसर, पीएच सव्वापाच ते साडेपाच. गुऱ्हाळात काहिलीत रस तापत असताना चुन्याची निवळी घालतात ती हे आम्ल मारायला, आणि भेंडीचा चिकट रस घालतात तो मळी वर आणायला. चुना कमी पडला किंवा ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला असेल तर गूळ आंबट निघतो. चुना जास्त झाला तर गूळ काळपट होतो. तेव्हा काळा म्हणजे सेंद्रिय आणि पिवळा म्हणजे रसायनाचा, हे समीकरण सरसकट खरं नाही. पिवळाधमक, चकचकीत गूळ बहुतेक वेळा हायड्रोस नावाच्या रसायनाने उजळलेला असतो हे मात्र खरं.

पावसाळ्यात उघड्या डब्यातला गूळ पाणी सोडतो आणि ते पाणी आंबतं. वरून ओलसर, चिकट, दारूसारखा किंचित वास असलेला गूळ चहाला वापरू नका. आमटीत घाला, तिथे चालून जातो. काकवी चहात घालणाऱ्यांनी तर दुधाची आशाच सोडावी.

नवीन ढेप आणली की परीक्षा घ्या. पाव कप उकळत्या पाण्यात एक चमचा गूळ विरघळवा, त्यात पाव कप उकळतं दूध घाला आणि दोन मिनिटं थांबा. चमच्याच्या पाठीवर कण दिसले नाहीत तर ढेप चहाची.

कोरा_करकरीत

एवढा खटाटोप कशाला? गूळ हवा तर दूध सोडा. पाणी, गूळ, आलं, पाव चमचा पावडर, वरून चार थेंब लिंबू. फाटायला काही उरतच नाही. दूध घालून उकळलेल्या चहाला चहा कशाला म्हणायचं, खीर म्हणा की.

पितळी_किटली

@कोरा_करकरीत, खीर तर खीर, पण सकाळी सहाला तीच लागते हो.

दोन्ही पद्धती बरोबर आहेत, माणसं किती यावर ठरवा. दोन कपांना गूळ शेवटी, पण खडा नको. किसून किंवा विळीवर बारीक चिरून थेट कपात ठेवायचा आणि वरून चहा गाळायचा. कपात पडेपर्यंत चहा उकळबिंदूच्या बराच खाली आलेला असतो. चारच्या वर माणसं असली तर @गुऱ्हाळकाठ यांची पद्धत, कारण ढवळाढवळ वाचते. टपरीवर जिथे दिवसभर गुळाचा चहा विकतात तिथे बऱ्याच ठिकाणी गुळाचं पाणी गाळून वेगळं ठेवलेलं असतं, पळीने घालतात.

एक दुरुस्ती. @मंद_आच म्हणतात दूध घातल्यावर एक उकळी. गूळ अजून पडलेला नाही म्हणून तिथे ती चालते. गूळ आधीच अर्कात असेल तर तीही नको, दूध उकळतं असलं की पुरतं. फ्रिजमधलं थंड दूध ओतलंत तर चहा कोमट होतो, मग हात आपोआप गॅसकडे जातो आणि पुन्हा तेच.

वाफाळता_कप

सगळ्यांचे आभार. आलं थंड दुधात घालायचो, ते आजपासून बंद.

दोन उपप्रश्न. शेजारच्या काकू म्हणतात चिमूटभर खायचा सोडा टाक, कधीच फाटणार नाही. टाकावा का? आणि रविवारी बारा जणांचा चहा करून थर्मासमध्ये भरून न्यायचाय, तो वाटेत फाटेल का?

मंद_आच

सोड्याने फाटत नाही हे खरं, आम्ल मरतं. पण चिमूट फार झाली. दोन कपांना सुईच्या टोकावर बसेल एवढाच, नाहीतर साबणासारखी चव येते आणि अर्क एकदम काळपट पडतो. काश्मिरी नून चायला सोड्यामुळेच गुलाबी रंग येतो, पण ती हिरव्या पानांची आणि मिठाची, तिचं गणित निराळं. आपल्या दाणेदार पावडरीला सोडा मानवत नाही. गूळ इतका आंबट असेल की सोडा लागतोय, तर गूळ बदला.

गुऱ्हाळकाठ

थर्मासचं सांगतो. दूध घातलेला गुळाचा चहा तासन् तास गरम ठेवला की फाटायची शक्यता वाढतेच. दोन थर्मास घ्या.

पहिल्यात गुळाचा अर्क. पाऊण लिटर पाणी, शंभर ते सव्वाशे ग्रॅम गूळ, दोन इंच आलं ठेचून, चार मिनिटं उकळी. मग तीस ग्रॅम पावडर, दोन मिनिटं, लगेच गाळून थर्मासमध्ये. पावडर आत राहिली तर पोहोचेपर्यंत कडूजहर होईल. दुसऱ्यात अर्धा लिटर दूध, उकळून. दोन्ही थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्या, दुधाचा तर नक्कीच, कारण झाकणाच्या चकतीत अडकलेला जुन्या दुधाचा थेंबही नवं दूध नासवतो. तिथे गेल्यावर कपात आधी अर्क, वर दूध, साधारण तीनास दोन. ज्यांना कोरा हवा त्यांचीही सोय होते.

पितळी_किटली

आणि साखर सोडण्याचं कारण मधुमेह असेल तर, रागावू नका, गुळातही बहुतांश सुक्रोजच असतं. शंभर ग्रॅमला पावणेचारशेच्या आसपास कॅलरी, साखरेपेक्षा नावाला कमी. चवीसाठी गूळ घाला, त्यात काही वावगं नाही, पण दोन कपांना चार चमचे हे प्रमाण अडीचवर आणा. गूळ कमी झाला की चहा फाटायची भीतीही तेवढीच कमी.

कोरा_करकरीत

रविवारी माझा कप पहिल्या थर्मासमधलाच.