स्विफ्ट दोन इंच खाली घ्यायचीय, 17 इंची अलॉय चाकं घालायचीत. स्प्रिंग कापू का?

सातारकर:
2019 ची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे 165/80 आर14 टायर (रुंदी 165 मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची). ओळखीचा मिस्त्री म्हणतो, स्प्रिंगचा दीड वेढा कापला की काम झालं. रोज सातारा-कोरेगाव, सुट्टीत चौघं बसून घाट.

अलाइनमेंटवाला, कोल्हापूर:
कापू नका भाऊ. स्प्रिंगचं टोक शॉकअपच्या वाटीत नेमकं बसायला लागतं. कापलेलं टोक तिथं नीट बसत नाही, चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग जागा सोडते. वर गॅसकटरनं कापली तर पोलादाचा ताव (कडकपणा) जातो तो वेगळाच.

अशा गाड्या रोज माझ्या मशीनवर येतात. टायर बाहेरून नवा दिसतो, आतल्या कडेवर हात फिरवला की तारा बोटाला टोचतात. गाडी खाली बसली की पुढची चाकं वरून आत कलतात. स्विफ्टला पुढं टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत) तेवढा जुळवता येतो, कॅम्बरला (समोरून दिसणारा चाकाचा कल) कंपनीनं सोय दिलेली नाही.

आता हिशेब बघा. मोकळ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, 163 मिमी. दोन इंच गेले की उरले 112. गतिरोधक नियमानं बांधला तरी 10 सेंमी उंच असतो, आणि आपल्याकडचे नियमानं कुठं बांधलेत! चौघं बसल्यावर सायलेन्सर घासणारच.

माझं ऐकाल तर 195/55 आर16 घाला. चाकाची एकूण उंची मूळच्याइतकीच, 62 सेंमीच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही. 17 ला 205/45 लागेल, त्याची बाजूची भिंत फक्त 92 मिमी. तुमच्या मूळ टायरची 132 आहे. खड्ड्यात रिम वाकते ती इथंच. खालीच घ्यायची असेल तर त्याच मॉडेलच्या तयार लोअरिंग स्प्रिंग घ्या, गाडी 25-30 मिमी खाली घेणाऱ्या. नंतर अलाइनमेंट करायलाच हवं.

पुणेकर:
सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल दिलाय, कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाही. आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.

सातारकर:
मग 16 च, स्प्रिंगला हात लावत नाही. अलॉय घेताना काय बघू?

अलाइनमेंटवाला, कोल्हापूर:
पीसीडी 4x100, म्हणजे चार बोल्ट 100 मिमी व्यासाच्या वर्तुळात, मधलं भोक 54.1 मिमी. भोक मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) मागून घ्या, नाहीतर ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो त्याचा आकडा) 85 च्या खाली नको. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं लायनर घासतंय का तेही दुकानातच बघा.