मदत हवी आहे: साखर १६०, तरी इन्सुलिनही चालू आणि ग्लुकोजही!

घाईत_आहे
भाऊ काल रात्रीपासून आयसीयूत आहे. कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. रक्तात कीटोन नावाची आम्लं साठलीत म्हणे. आत्ता साखर १६०, म्हणजे नॉर्मलच की! तरी इन्सुलिनचा पंप काढत नाहीत, वर दुसऱ्या हाताला ग्लुकोज लावलंय. एका हाताने साखर द्यायची आणि दुसऱ्याने उतरवायची, हा काय प्रकार आहे? डॉक्टर "ठीक चाललंय" म्हणतात आणि पुढच्या पेशंटकडे. ज्यांना खरंच कळतं त्यांनीच लिहा. लवकर.

चिडका_बिब्बा
आणलं तेव्हा साखर किती होती? वय? टाइप वन की टू? कीटोन, पोटॅशियम, बायकार्ब? काहीच लिहिलं नाहीये. पत्रिका मांडून सांगायचं का?

खुशालचेंडू
बिल वाढवायचे धंदे. सरळ दुसरीकडे हलवा.

चिडका_बिब्बा
@खुशालचेंडू, चालू ड्रिप काढून पेशंट हलवा म्हणताय! जबाबदारी घेणार का?

टाइप_वनची_आई
इन्सुलिन साखरेसाठी चालू नाहीये, कीटोन थांबवायला चालू आहे. साखर आधी उतरते, कीटोन मागून. मधल्या वेळात साखर फार खाली जाऊ नये म्हणून ग्लुकोज. लेकीच्या वेळी आम्हीही असेच घाबरलो होतो. घरी रक्तातले कीटोन मोजायचं मीटर घ्याच. घ्याच!

कीटो_वीर
मी दोन वर्षं कीटोसिसमध्ये आहे, ठणठणीत. कीटोनचा उगाच बाऊ करतात.

निळी_शाई
@कीटो_वीर, तुमच्या अंगात इन्सुलिन आहे, म्हणून तुम्ही हे लिहू शकताय. आहाराने होणाऱ्या कीटोसिसमध्ये कीटोन साधारण ०.५ ते ३ मिलिमोलपर्यंत जातात, कारण थोडंसं इन्सुलिनही चरबी फुटण्याला लगाम घालतं. तो लगाम सुटला आणि ग्लुकॅगॉन (इन्सुलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक) वाढलं, की चरबीतली आम्लं यकृतात लोंढ्याने येतात आणि कीटोन बनतच राहतात. ही कीटोनची आम्लं शमवताना रक्तातलं बायकार्बोनेट खर्ची पडतं आणि पीएच ७.३च्या खाली येतो. मग शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला खोल, भराभर श्वास घेऊ लागतं.

इतिहासप्रेमी
त्या श्वासाचं वर्णन कुसमाउलने १८७४ मध्ये केलं. तेव्हा असा रुग्ण वाचत नसे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिलं. पहिला अर्क अशुद्ध निघाला, मग शुद्ध करून पुन्हा...

चिडका_बिब्बा
छान माहिती. कोणी विचारली होती?

घाईत_आहे
वय ३८, टाइप टू. आणलं तेव्हा साखर २२० होती, म्हणून तर डोकं चालेना! पोटॅशियम काल ५.४, आज ३.६. लघवीत कीटोन कालही तीन प्लस, आजही तीन प्लस, म्हणजे उपचार लागू पडत नाहीयेत. त्याआधी उलट्या होत होत्या, जेवण बंद. नेहमीच्या गोळ्या मात्र घेत होता.

चिडका_बिब्बा
२२०? कोणत्या गोळ्या? नाव.

घाईत_आहे
मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. त्याचा काय संबंध?

चिडका_बिब्बा
हेच आधी लिहायला हवं होतं. डापाग्लिफ्लोझिन ही गोळी मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाही, साखर लघवीवाटे जाते. रक्तातली साखर कमी दिसते, इन्सुलिनही कमी राहतं, ग्लुकॅगॉन वर. त्यात उपास आणि उलट्या. कीटोन वाढत जातात आणि साखरेच्या आकड्यावरून कोणाला संशय येत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिलाय. अशा केसमध्ये ग्लुकोज सुरुवातीपासूनच लावावं लागतं. गोळी घेत होता हे आयसीयूत सांगितलंय का? नसेल तर आत्ता उठा.

निळी_शाई
बाकीचे दोन आकडे. इन्सुलिन नसलं की पोटॅशियम पेशींतून रक्तात येतं आणि लघवीवाटे वाहून जातं. म्हणजे ५.४ दिसलं तेव्हाही शरीरात तुटवडाच होता. इन्सुलिन ते परत पेशींत ढकलतं, म्हणून आज ३.६. म्हणून तर ड्रिपमधून पोटॅशियम देतात आणि दर काही तासांनी रक्त काढतात. फार उतरलं तर हृदयाचा ठोका बिघडतो.
कीटोन मुख्यतः दोन. लघवीच्या पट्टीला अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट दिसतं, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट दिसत नाही. आजारात दुसरं जास्त असतं आणि बरं होताना त्याचं पहिल्यात रूपांतर होतं. म्हणून सुधारत असतानाही पट्टी गडदच राहते. अ‍ॅनायन गॅप विचारा, रक्तात जास्तीची आम्लं किती उरलीत ते त्यावरून कळतं.

खुशालचेंडू
रक्त आम्लधर्मी झालंय ना? मग सरळ सोडा बायकार्ब देऊन टाका की.

निळी_शाई
त्याने पोटॅशियम आणखी घसरतं. पीएच ७च्या आसपास किंवा त्याखाली गेला तरच विचार करतात. कीटोन जळाले की बायकार्बोनेट शरीरच परत तयार करतं.

टाइप_वनची_आई
म्हणूनच म्हणते, रक्तातलं मोजणारं मीटर घ्या. पट्ट्या फेका.

घाईत_आहे
गोळीचं सांगितलं. फाइलमध्ये आधीच होतं, बंदही केलीये. गॅप २४ वरून १३. खायला लागला की त्वचेखाली इन्सुलिन देणार आणि दोन तासांनी पंप काढणार. दोन तास दोन्ही कशाला आता?

चिडका_बिब्बा
शिरेतून दिलेलं इन्सुलिन काही मिनिटांतच रक्तातून नाहीसं होतं आणि त्वचेखालचं लागू पडायला वेळ लागतो. मधे खंड पडला की कीटोन पुन्हा चढतात. या गोळीचा असर बंद केल्यावरही काही दिवस टिकतो, त्यामुळे साखर चांगली दिसली तरी कीटोन तपासायला सांगा. आणि ती गोळी पुन्हा सुरू करायची की नाही, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.