पिल्लांची दुकानातली विक्री सरळ बंदच करावी का?

ठाणेकर (धागाकर्ती)
फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानांत कुत्री-मांजरं विकायला बंदी घातली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू थेट ब्रीडरकडून, म्हणजे पैदास करणाऱ्याकडून, किंवा प्राण्यांच्या आश्रयगृहातूनच घ्यावं लागतं, मधला दलाल बाद. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७चे आणि पेट शॉपचे २०१८चे नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, ती दुकानात दिसेल अशी लावायला हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. आमच्या भागातल्या एका दुकानात नोंदणी दाखवा म्हटलं, तर मालकाने शॉप अॅक्टचं लायसन्स पुढे केलं. मागे काचेच्या पेटीत पिल्लं एकमेकांवर पडलेली, पाण्याची वाटी पालथी. नियम पाळून घेणं जमत नसेल तर विक्रीच बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेटशॉपवाला
मी याच धंद्यात आहे, नोंदणी करून. माझं दुकान खाद्य, पट्टे आणि ग्रूमिंगवर चालतं, त्यामुळे उद्या बंदी आली तरी माझं फारसं अडणार नाही. पण पिल्लं कुठे विकली जातील ते सांगा. इन्स्टाग्रामवर ‘हेवी बोन लॅब, विदाऊट पेपर’, म्हणजे दणकट लॅब्राडोर पण वंशावळीचे कागद नाहीत, अशी जाहिरात असते. अर्धे पैसे जीपेवर, आणि पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सने खोक्यातून. सकाळी ते आजारी निघालं की नंबर ब्लॉक. मला शटर आहे, पत्ता आहे, इन्स्पेक्टर माझ्याकडे येऊ शकतो. जो सापडतो त्यालाच बंद करून काय साधणार?

जनावरांची डॉक्टर
दुकानातलं असो की इन्स्टावरचं, माझ्या टेबलावर दोन्ही सारखीच येतात. ‘दीड-दोन महिन्यांचं आहे’ म्हणून आणतात. तोंड उघडून पाहावं तर दाढा अजून हिरडीतच, म्हणजे जेमतेम महिन्याचं. आईचं दूध लवकर तोडलेलं, लस एकही नाही. चार दिवसांत उलट्या आणि रक्ताचे जुलाब, म्हणजे पार्व्हो हा विषाणूचा आजार. मग सलाइन लावायचं आणि रात्र काढायची. यातली बरीच वाचत नाहीत, आणि घरातली मुलं बाहेर बाकावर बसलेली असतात. पेटशॉपवाले, तुमच्याकडच्या पिल्लांच्या आया तुम्ही पाहिल्या आहेत का? २०१७च्या नियमांत कुत्रीकडून वर्षात एकाहून जास्त वेतं घ्यायची नाहीत असं आहे. दुकानाच्या काचेतून ती कुत्री दिसतच नाही. माझं मत ठाणेकरांकडे झुकतं ते यासाठी.

सांगलीकर
सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमच्या दुष्काळी पट्ट्यात कारवानी या शिकारी जातीची कुत्री पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्यांनी सांभाळलीत. वेत झालं की दोन पिल्लं ठेवायची, बाकीची पाव्हण्यांना किंवा ओळखीत विकायची. आई दारातच बांधलेली असते, येणारा बघूनच नेतो. त्याला नोंदणीची पाच हजार फी आणि रजिस्टरं सांगाल तर तो कुत्री पाळणंच सोडेल. जात संपेल, आणि शहरातला पिल्लांचा कारखाना चालवणारा वकील लावून सुटेल.

पक्षीवेडा
चर्चा कुत्र्यांवरच अडकलीय. साधा हिरवा पोपट वन्यजीव कायद्याखाली येतो, पिंजऱ्यात ठेवणंही गुन्हा. तरी बाजारात मागितला की मिळतो. बंदी घातली म्हणजे विक्री थांबते, असं मला तरी दिसलेलं नाही.

ठाणेकर
@पक्षीवेडा, पोपट सापडला तर वनखातं गुन्हा तरी दाखल करतं. पिल्लांच्या हालांना १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे! एका पिल्लामागे हजारो कमावणारा कशाला घाबरेल? @सांगलीकर, आई दारात दिसत असेल तर इंग्लंडच्या नियमातही तुमचा शेतकरी बसतो, माझा आक्षेप मधल्या दुकानावर आहे. त्याची फी माफ करा, हरकत नाही. @पेटशॉपवाला, ऑनलाइन जाहिरातीत नोंदणी क्रमांक टाकायची सक्ती आणि दुकानात बंदी, दोन्ही एकदमच हवं.

पेटशॉपवाला
डॉक्टर, खरं सांगतो, सगळ्या आया नाही पाहिलेल्या. पुरवठादार पिल्लं आणून देतो. यापुढे ब्रीडरचा नोंदणी क्रमांक आणि आईच्या मायक्रोचिपचा (कातडीखालच्या ओळख-चिपचा) नंबर बिलावर टाकायला मी तयार आहे. बंदीला मात्र माझा विरोध कायम. आधी जाहिरातींवर क्रमांकाची सक्ती करून दाखवा, मग माझ्या दुकानाकडे या.

जनावरांची डॉक्टर
बिलावर जन्मतारीखही टाका. दात मी तपासते.