१६ डिसेंबरला नावं कुणाकुणाची वाचायची?

हवालदार_खटाव

राम राम मंडळी.

मी मराठा लाईट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून पेन्शन आलो. खटाव तालुक्यातल्या जवळजवळच्या आठ-दहा गावांची आमची माजी सैनिकांची संघटना आहे. यंदा सचिवपदाची माळ माझ्या गळ्यात पडली. माझी लायकी एवढीच की मला मोबाईलवर मराठी टाईप करता येतं.

आमच्याकडं वर्षभर काही ना काही चालूच असतं. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन, २६ जुलैला कारगिल, ७ डिसेंबरला ध्वजदिन आणि १६ डिसेंबरला विजय दिवस. यातला विजय दिवस सगळ्यात मोठा. गेल्या वर्षीचा कार्यक्रम सांगतो म्हणजे दुखणं कळेल. मंडप, साऊंड, शाल-श्रीफळ सगळं झकास. प्रमुख पाहुणे मात्र अडीच तास उशिरा. तोवर वीरमाता, वीरपत्नी पहिल्या रांगेत उन्हात, कारण मंडपाची सावली स्टेजवर आणि मागच्या खुर्च्यांवर. एका आजींची बीपीच्या गोळीची वेळ झाली म्हणून त्या उठल्या, तर निवेदक माईकवरनं म्हणतो, "कृपया कार्यक्रम संपेपर्यंत कुणी जागा सोडू नये." आजी थांबल्या नाहीत. बरं केलं.

म्हणून यंदा ठरवलंय की पाहुणा नाही, भाषण नाही. आमच्या गावांतले जे गेले त्यांची नावं वाचायची, पुष्पचक्र वाहायचं आणि नंतर बडा खाना, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून जेवण. इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. यादी करायला बसलो आणि भांडण लागलं.

काहींचं म्हणणं, विजय दिवस ७१ चा, तेव्हा नावं ७१ चीच. मग श्रीलंकेत ऑपरेशन पवनमध्ये गेलेला आमचा एक जवान कुठं बसवायचा? त्या लढाईचा दिवस तर कुठलंच गाव पाळत नाही. दुसरं, एक पोरगा अरुणाचलमध्ये गाडी दरीत जाऊन गेला. एक बेस हॉस्पिटलमध्ये आजारानं गेला. आमचे एक ज्येष्ठ मेंबर म्हणतात, "पार्ट टू ऑर्डरला (सेवेच्या नोंदीत) बॅटल कॅज्युअल्टी लिहिलं असेल तरच नाव, फिजिकल कॅज्युअल्टी असेल तर नाही." म्हणजे लढाईत गेला तर नाव, अपघातानं-आजारानं गेला तर नाही. दरीत गेलेल्या पोराचा बाप त्याच मीटिंगला बसलेला. तो काहीच बोलला नाही, चहाचा कप तसाच ठेवून गेला.

तिसरं, आमच्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातनं इतके गेले, त्यातले इतके मेले, असं इंग्रजीत. आकडे आहेत, नाव एकही नाही. ग्रामपंचायतीनं दोनदा ऑईल पेंट मारलाय तिच्यावर. त्यांचं काय करायचं?

कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

चंदगडकर_सुभेदार (निवृत्त)

राम राम हवालदार साहेब. आमच्याकडं हे भांडण होऊन गेलंय, म्हणून सांगतो.

बॅटल आणि फिजिकल हा फरक पेन्शनच्या कागदासाठी आहे, पलटणीच्या रोल ऑफ ऑनरसाठी (हुतात्म्यांच्या यादीसाठी) आहे. तिथं तो लागतोच. पण गावानं तो का उचलावा? सियाचीनला १९८४ पासून आपली पोरं आहेत. तिथं गोळीनं गेली त्याच्या कितीतरी पट थंडीनं, कड्यानं, हिमस्खलनानं गेली. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम पोस्टवर बर्फ कोसळला, दहा जण गेले, त्यात तुमच्याच शेजारच्या माण तालुक्यातला एक होता. त्याला काय गोळी लागली होती?

आम्ही दोन याद्या केल्या. एक "लढाईत", दुसरी "सेवेत असताना". दोन्ही एकाच दगडावर, अक्षराचा साईज एकच. वाचताना तर यादी वेगळी करतच नाही. गेल्याच्या तारखेप्रमाणं वाचतो. हुद्दा, नाव, पलटण, ठिकाण, साल. बस. हुद्द्याप्रमाणं लावू नका, नाहीतर सुभेदार मेजर साहेब वर आणि शिपाई खाली होतो आणि पुन्हा तोच तमाशा.

आता ड्रिलचं.

पुष्पचक्र पहिलं वीरमाता-वीरपत्नीचं. त्यांच्यानंतर हजर असलेल्यांत सगळ्यात जुना फौजी, मग संघटना. सरपंच, पोलीस पाटील, बाकी मंडळी त्यांच्या मागनं. हा क्रम आधी कागदावर लिहून सगळ्यांना दाखवा. ऐनवेळी कुणी पुढं घुसलं तर तुम्ही अडवू शकणार नाही, कागद अडवतो.

शांततेच्या वेळी तिरंगा अर्ध्यावर आणायचा मोह होतो. आणू नका. अर्ध्यावर आणायचा अधिकार आपला नाही, तो सरकारचा आदेश निघाल्यावरच. आणि दगडाचं अनावरण असेल तर त्यावर तिरंगा झाकू नका. निम्म्या गावांत हे करतात, मग दोरी ओढली की झेंडा चिखलात. ध्वजसंहितेत चालत नाही. साधं पांढरं कापड घ्या.

एनसीसीची पोरं असतील तर "शोक शस्त्र" (बंदूक उलटी धरून मानवंदना) करायला लावू नका, त्यांना ते नीट येत नाही आणि आपल्याला बघवत नाही. सावधान पुरे. लास्ट पोस्ट (श्रद्धांजलीचा बिगुल), दोन मिनिटं शांतता, राऊज (शांतता संपल्याचा बिगुल). सगळं मिळून पंचवीस मिनिटांत आटपतं. फौजेत आपण कधी कुणासाठी अडीच तास थांबलो? सीओ साहेबसुद्धा वेळेत यायचे.

लेक_फौजीची

दादा, मी इथे फक्त वाचत असते, पण तुमच्या त्या आजींचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

माझे वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते. आईला दरवर्षी दोन-तीन ठिकाणी बोलावतात. घरी ट्रॉफ्या इतक्या आहेत की शोकेस कधीच भरलं, आता त्या माळ्यावर असतात. एका वर्षी सत्काराच्या साडीच्या पिशवीवर दुकानाच्या जाहिरातीसोबत पाहुण्यांचा फोटो छापलेला होता. आई त्या पिशवीतून अजून लसूण आणते.

तुम्ही खरंच विचारत असाल तर हे करा. एक, घरी जाऊन आमंत्रण द्या, व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकू नका. दोन, आणायला आणि सोडायला गाडी. गावाकडून तालुक्याला येणारी शेवटची एसटी कधी सुटते हे आयोजकांना माहीत नसतं, आईला असतं, म्हणून तिचं अर्धं लक्ष घड्याळात. तीन, नावाचं शुद्धलेखन घरच्यांना दाखवून घ्या. माझ्या वडिलांचं आडनाव एका बोर्डावर तीन वर्षं चुकीचं होतं.

आणि शाल-श्रीफळाच्या पैशात एक टेबल लावा. स्पर्शवर (फौजी पेन्शनच्या वेबसाईटवर) हयातीचा दाखला, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं) कार्ड, नावातली तफावत, बँकेतलं खातं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र दिलंत तर बहुधा एखादा माणूस पाठवतील. नाहीच आला तर तुमच्यातलाच ज्याला जमतं तो लॅपटॉप घेऊन बसू द्या. नोव्हेंबरात ज्यांचा दाखला राहून गेला असेल त्यांची पेन्शन अडकण्याआधी काम होईल. आईसारख्या बायकांना अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही, भांडी घासून रेषा गेल्यात. डोळ्यांच्या स्कॅनचं मशीन किंवा चेहऱ्यावरून दाखला होतो तो कुणीतरी करून द्यायला हवा.

दरीत गेलेल्या मुलाचं नाव घ्या. त्याच्या वडिलांना विचारायला मात्र तुम्ही स्वतः जा.

जुनी_कागदपत्रं (पुणे)

चावडीच्या पाटीबद्दल. आधी एक विनंती, ऑईल पेंट काढायला ॲसिड लावू नका. फरशी पुसायचं ॲसिड संगमरवर खातं आणि अक्षरं कायमची जातात. रंग निघत नसेल तर माहीतगार माणूस मिळेपर्यंत तसाच ठेवा. रंगाखाली अक्षरं निदान शाबूत राहतील.

नावं सापडू शकतात, सगळी नाही पण काही नक्की. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाईट फुकट आहे. शोधताना आजचं स्पेलिंग घालू नका. रेजिमेंटच्या नावात "मराठा" हा शब्द तेव्हा इंग्रजीत एच घालून, "महराट्टा" असा लिहायचे. खटावच्या शेवटी व्हीऐवजी ओ घालून पाहा. बऱ्याच हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. आडनाव बहुतेक वेळा घराण्याचंच असतं, पण नाव कारकुनानं ऐकलं तसं, त्यामुळे मोठ्यानं वाचून बघा, मग ओळखू येतं.

तुमच्या भागातले बरेच जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेले असणार. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. उपासमार आधी, तुर्कांची कैद नंतर. ज्यांची कबर नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. गोऱ्यांची नावं त्यावर कोरली, हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. तुमच्या चावडीत आकडाच आहे याचं नवल नाही, तिकडेही तेच केलं होतं. कमिशननं हा भेदभाव २०२१ च्या अहवालात स्वतः मान्य केला.

आता "७१ चीच नावं" म्हणणाऱ्यांसाठी. १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले. १०३ वी झाली पहिली मराठा, म्हणजे तुमची जंगी पलटण. डिसेंबर ७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) जमालपूरला पाकिस्तानी फौजेची वाट तिनंच अडवली. ११० वी झाली तिसरी मराठा. नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्वातंत्र्यानंतर हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन दोन पॅरा झाली. ११ डिसेंबर ७१ ला तंगाईलला पॅराशूटनं उतरली, जमालपूरकडून ढाक्याला पळणाऱ्यांचा रस्ता पुंगली पुलावर तोडला आणि १६ तारखेला सकाळी ढाक्यात पहिली शिरली. म्हणजे ज्या दोन पलटणींच्या जोरावर तुम्ही विजय दिवस करता, त्या दोन्ही कुतला उपाशी राहिलेल्या आहेत. पाटीवरची माणसं यादीबाहेर ठेवायची तर कोणत्या तोंडानं ठेवणार?

हिशेबनीस

सगळं छान, पण पैशाचं कुणीच बोलत नाही. ध्वजदिन निधीचे पैसे आणि कार्यक्रमाची वर्गणी एका डब्यात जाऊ देऊ नका. ध्वजदिन निधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतला आहे, त्याची पावती वेगळी. संघटना नोंदणीकृत असेल तर ऑडिट वेळेत करा. नसेल तर आधी नोंदणी करा, मग दगड कोरा. आणि बडा खान्यात मटण असेल तर शाकाहारी माणसं मोजा, हे दर वेळी राहून जातं.

हवालदार_खटाव

सगळ्यांचे आभार. सुभेदार साहेब, तुमचा क्रमाचा कागद जसाच्या तसा उचलतोय.

ताई, त्या पोराच्या बापाकडं काल गेलो. ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी विषय काढला तर म्हणाले, "नाव घ्या, पण अरुणाचल म्हणू नका, तवांग म्हणा. तो फोनवर तवांगच म्हणायचा." तसं लिहून घेतलंय. हयातीच्या दाखल्याचं टेबल नक्की लागतंय. आमचा एक सिग्नलवाला आहे, तो बसतो म्हणाला, फक्त नेटसाठी शाळेच्या वायफायचा पासवर्ड मिळवायचाय आणि मुख्याध्यापक फार कडक.

पुण्याच्या साहेबांनी लिहिलेलं मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. बॅटल-फिजिकल करणारे आमचे ज्येष्ठ मेंबर जंगी पलटणीचेच, जमालपूरला होते. त्यांना कुतचं ठाऊक होतं, रिक्रूट असताना पलटणीचा इतिहास पाठ करून घेतलेला. म्हणाले, "पाटीवरच्यांची नावं मिळाली तर मी वाचतो." सेवेत गेलेल्यांच्या यादीला अजून त्यांचा विरोध आहे, पण मतदानात ते एकटे पडले. वेबसाईटवर आतापर्यंत आमच्या गावाची तीन नावं मिळाली, त्यातलं एक आडनाव आज गावात कुणाचंच नाही. बाकीच्यांसाठी "याच गावचे, नाव न मिळालेले" असं म्हणून पाटीवरचा आकडा वाचू.

हिशेबनीस साहेब, नोंदणी आहे. ऑडिटबद्दल विचारू नका.

आता एकच अडलंय, बिगुल. मोबाईलवरनं लास्ट पोस्ट लावायला सगळे तयार आहेत, मी नाही. मागं एकदा मधेच जाहिरात वाजली होती. सातारा, कराड, वडूज भागात कुणी निवृत्त बिगुलर असेल तर कळवा. गाडीभाडं आणि जेवण आमच्याकडं. १६ ला सकाळी साडेआठला उभं राहायचंय, साडेआठ म्हणजे साडेआठ.