अनुभव धागा: 'मेरी पॉपिन्स' तेव्हा आणि आता

१९६४ चा 'मेरी पॉपिन्स', लंडनच्या बँक्स कुटुंबातली मुलं सांभाळायला आलेल्या जादुई आयाची गोष्ट, म्हणजे समीक्षकांचा लाडका सिनेमा. १३ ऑस्कर नामांकनं, ५ पुरस्कार, जूली अँड्र्यूजला पहिल्याच चित्रपटात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान. पण ज्यांच्या पुस्तकांवरून तो निघाला त्या पी. एल. ट्रॅव्हर्स प्रीमियरला रडल्या, आणि ते काही आनंदाश्रू नव्हते. खरी माणसं आणि कार्टूनमधले पेंग्विन एकत्र नाचतात, तो भाग त्यांना शेवटपर्यंत खुपला.

लहानपणी पाहून मोठेपणी पुन्हा पाहिलेला कुणी आहे का इथे? काय वाटलं? परीक्षण नको, स्वतःचं सांगा.

खिडकीतली

आमच्याकडे व्हिडिओ लायब्ररीची कॅसेट यायची. बँकेचा प्रसंग आला की आम्ही भावंडं फॉरवर्ड करायचो. चाळिशीनंतर पाहिला तेव्हा नेमकी तिथेच खिळून बसले. मुलांच्या वडिलांना, मिस्टर बँक्सना, नोकरीवरून काढताना कोटावरचं फूल कुस्करतात, छत्री उलटी करतात, हॅटला भोक पाडतात. आमच्या घरात त्याच सुमारास एकाची नोकरी गेली होती. सिनेमा मेरीचा नाहीच, त्या बापाचा आहे. ती भूमिका करणाऱ्या डेव्हिड टॉमलिन्सनबद्दल इतकं कमी का लिहितात कळत नाही.

टेम्सकाठचा कोकणी

लंडनमध्ये नोकरी करतो. इथे या सिनेमाचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी डिक व्हॅन डाइकच्या बर्टची, म्हणजे मेरीच्या धुराडी साफ करणाऱ्या मित्राची, नक्कल करतो. 'एम्पायर' मासिकाने २००३ मध्ये सगळ्यात वाईट उच्चारांची यादी केली, त्यात त्याचा कॉकनी (लंडनच्या कामगारवर्गाची बोली) दुसरा. पहिला शॉन कॉनरी! २०१७ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट संस्थेने सन्मान केला तेव्हा व्हॅन डाइकने गमतीत जाहीर माफीही मागितली. मला लहानपणी त्यात काहीच खटकलं नव्हतं. आता खटकतं, पण छपरांवरचा धुराडेवाल्यांचा नाच पाहिला की सगळं माफ. आणि हो, यातलं लंडन अख्खं कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत उभं केलंय. इथली मंडळी त्यावरूनही नाक मुरडतात, आणि दर ख्रिसमसला पाहतात.

रोटोवाला

मी व्हीएफएक्समध्ये (सिनेमातल्या दृश्य-करामतींत) आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो. जूलीच्या हॅटवरची झिरझिरीत जाळी बघा. नटांमागे नंतर दुसरं चित्र जोडायचं तर तेव्हा निळा पडदा लावत, आणि त्यावर अशा जाळीच्या कडा हमखास घाण दिसायच्या. डिस्नेने इथे पांढऱ्या पडद्यावर सोडियमचे पिवळे दिवे सोडले. कॅमेऱ्यातला खास प्रिझम तेवढाच पिवळा प्रकाश वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवायचा. एका फिल्मवर नट, दुसरीवर नटाच्या आकाराचा आयता मुखवटा, मागचं चित्र जोडायला. निळे कपडे घाला, केस मोकळे सोडा, काही अडत नाही. पेट्रो व्लाहोस, वॉड्सवर्थ पोल आणि अब आयवर्क्स यांना या तंत्रासाठी स्वतंत्र ऑस्कर मिळालं. आम्ही आज रात्र-रात्र बसून बटांच्या कडा साफ करतो, म्हणून जास्त जळफळाट होतो.

ट्रॅव्हर्सबाईंना तो भाग आवडला नाही हे मान्य. पण तो काढून टाकला असता तर माझ्यासारख्यांनी काय पाहून हा धंदा धरला असता?

पतंगाची शेपटी

माझा राग वेगळा आहे. पुस्तकातली आई मताधिकारासाठी लढणारी नाही, ते सिनेमाने घातलं. घातलं ते घातलं, वर तिची टिंगल: चळवळ करते म्हणून घराकडे लक्ष नाही. शेवटी 'व्होट्स फॉर विमेन'चा पट्टा पतंगाला शेपटी म्हणून लावते. माझ्या मुलीने विचारलं, "आता ती मोर्च्याला काय घालून जाणार?" मी म्हटलं, विचार त्या डिस्नेला. त्या आईचं गाणं मात्र आम्ही दोघी मोठ्याने म्हणतो.

नाही आवडला

एकटा विरोधी सूर माझा. १३९ मिनिटं! पेंग्विन आले की संपता संपत नाहीत. मी आधी पुस्तक वाचलं होतं. त्यातली मेरी तुटक, चिडकी, आरशात स्वतःला न्याहाळणारी; जादू करते आणि वर ठणकावून नाकारते. पडद्यावर तिला इतकं गोड केलंय की दात शिवशिवतात. मी लेखिकेच्या बाजूने.

पलंगावरून उड्डाण

+१ नाही, पण माझा आवडता त्याचा धाकटा भाऊ, 'बेडनॉब्ज अँड ब्रूमस्टिक्स' (१९७१). तोच दिग्दर्शक, तेच गीतकार-संगीतकार शर्मन बंधू, तोच टॉमलिन्सन. त्यामुळे तुलना होणारच होती आणि तिने त्याचा बळी घेतला. त्यातलं समुद्रतळाचं गाणं तर मुळात 'मेरी पॉपिन्स'साठी लिहिलेलं. पण प्राण्यांची ती फुटबॉल मॅच! आमच्या घरात अजून तिच्यावरून हसतात.

सूनबाई

अवांतर: त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'माय फेअर लेडी'. रंगमंचावर त्यातल्या फुलवालीची भूमिका गाजवली जूलीने, पण निर्माते जॅक वॉर्नर यांनी सिनेमात घेतलं ऑड्री हेपबर्नला. मग गोल्डन ग्लोब घेताना जूलीने वॉर्नरचेच आभार मानले! मी जूलीच्या पक्षात, सासूबाई हेपबर्नच्या. गेल्या महिन्यात वाद फार रंगला तेव्हा त्यांनी निकाल देऊन टाकला, "तुमच्या दोघी राहू द्या बाजूला. मी भक्ती बर्वेंची 'ती फुलराणी' पाहिलेली आहे."